गोधडी, एक नग

नाना पेठेत माझं सव्वाशे फुटांचं दुकान.
पाटीवर: किराड कुशन वर्क्स. सीट, मॅट, हूड.
त्यातल्या हूडवरून परवा घोळ झाला.

फोन अमेरिकेहून. मिशिगन म्हणाला बहुतेक.
“काका, हूडचं इन्शुलेशन करून मिळेल का?”
मी विचारलं, “रिक्षा कुठल्या सालची?”
तो गप्प. मग हसला.
मग मीही हसलो, कशाला ते न कळता.

आमच्याकडे हूड रिक्षाचं. काळं रेक्झिन,
आतून पिवळं अस्तर,
आणि ड्रायव्हर हौशी असला तर झालर.
त्याच्याकडे हूड म्हणजे बॉनेट.

मग शब्द निघत गेले,
जुनी सीट उसवल्यावर काथ्या निघतो तसे.
म्हणाला, ट्रंकमध्ये बाबांची छत्री असेल, ती आईला द्या.
माझ्या डोळ्यांपुढे पत्र्याची ट्रंक,
कडीला कुलूप, झाकणावर पांढऱ्या रंगात नाव.
मी म्हटलं, डिकी म्हण रे बाबा. डिकी.
स्टेपनी तर त्याच्या ऑफिसात कुणालाच कळत नाही.
नुसतं स्पेअर म्हणतात.
स्पेअर तर आमच्या अख्ख्या पेठेत सगळंच.

माझे आजोबा कॅम्पात साहेबाच्या मोटारींच्या गाद्या शिवायचे.
साहेब एकदा म्हणाला, सामान बूटमध्ये ठेव.
आजोबांनी सुयांचा डबा साहेबाच्या बुटात ठेवला.
उजव्या.
नोकरी गेली, दुकान झालं.
आम्ही तीन पिढ्या त्या बुटावर जेवतोय.

गुरुवारी प्रमिलाबाई देवळे स्वतः गाडी घेऊन आल्या,
बिबवेवाडीपासून दुसऱ्या गिअरवर.
“हे गेल्यापासून उभीच होती,” म्हणाल्या.
बॉनेट उघडलं. आतला नमदा निम्मा गायब,
क्लिपा लोंबतायत,
आणि बॅटरीमागे एक गोळा:
नमद्याचा पिंजलेला कापूस, पीएमटीचं तिकीट,
कुठल्याशा औषधाच्या पाकिटाची चंदेरी पट्टी.
मध्ये चार पिल्लं. गुलाबी. डोळे मिटलेले.

“मेलीत का?”
“नाही. गरम आहेत.”
मी सांगितलं, बाई, उंदीर तो उंदीर,
आज नमदा, उद्या वायरिंग, परवा माझ्याकडे नाही, इलेक्ट्रिशियनकडे जाल.
त्या ऐकत नव्हत्या.
रेल्वेच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या म्हणे.
“बॉनेट म्हणजे मुळात टोपडं,” त्या म्हणाल्या,
“आणि हूड म्हणजे कुंची.
इंग्लंड-अमेरिकेचं भांडण
बाळाच्या डोक्यावर काय घालायचं, एवढंच आहे.”
मी गोळ्याकडे पाहिलं. बोललो नाही काही.

शेजारच्या चप्पलवाल्याकडून खोकं आणलं,
घरटं उचलून त्यात ठेवलं, मागच्या बोळात, गटारापासून लांब.
बुटाचंच खोकं. म्हणजे साहेबाच्या हिशेबानं
डिकीतच गेली पिल्लं.

दहा एमएमचा नवा नमदा कापला, वर चंदेरी कागद.
चौदा क्लिपा. दोन माझ्याकडे नव्हत्या,
सायकलच्या ट्यूबचे वॉशर लावले, हे त्यांना सांगितलं नाही.
बॉनेट आपटलं.
आधी पत्र्यासारखं वाजायचं, आता
दाराला पडदा लागल्यासारखं.

बिल पोराला पाठवायचं होतं.
हूड लिहिलं तर तो समजेल, सेल्स टॅक्सवाला नाही.
बॉनेट लिहिलं तर उलटं.
(सेल्स टॅक्स गेला, जीएसटी आला, मला अजून तेच येतं तोंडात.)
शेवटी लिहिलं: गोधडी, एक नग.

मग त्यांनी डिकी उघडली. छत्री होती.
तिथेच, भर उन्हात, टेम्पोंच्या मधोमध उघडली:
काड्या शाबूत, कापड कुरतडलेलं.
“हिला बसेल काही?”
म्हटलं, रिक्षाचं रेक्झिन उरलंय, काळं. पण जड होईल.
“होऊ दे,” म्हणाल्या.